साडूचा खांदा

फरशीवाला सभागृहाच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून फुटकी फरशी उचकटत होता, तेव्हा त्याला आधी दिसले ते बूट. टाचेकडून घासून तिरपे झालेले, धूळ खाल्लेले. असले बूट त्याच्या माहितीत एकाच माणसाचे होते, आणि तो माणूस या वेळी पत्रं वाटून घरी जाऊन आडवा झालेला असायला पाहिजे होता. त्यानं मान वर केली. पोस्टमनच होता, त्याचा धाकटा साडू. पोस्टमननं बूट काढले, मोजे बुटांत कोंबले आणि अनवाणी पायांनी भिंतभर आरशासमोर जाऊन तो उभा राहिला. आजूबाजूला आणखी काही पोक्त बाया-बाप्ये येऊन उभे राहिले.

इथं मोठ्या माणसांचा नाचाचा क्लास भरतो हे फरशीवाल्याला ठाऊक होतं. क्लासच्या बाईंनीच त्याला दुरुस्तीला बोलावलं होतं. पण त्यात घरचं माणूस निघेल असं काही त्याच्या डोक्यात नव्हतं. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि मनातल्या मनात पोटभर हसून घेतलं. घरी गेल्यावर बायकोला हे कसं रंगवून सांगायचं, त्याची वाक्यंसुद्धा जुळवली.

मग गाणं लागलं. पोस्टमन चार पावलं पुढं आला, डावा खांदा जरा खाली सोडला आणि गर्रकन फिरला. फिरून जिथं थांबायचं तिथंच थांबला. डुगडुग नाही, तोल सावरणं नाही. दोरी लावून फरशी बसवावी तसा बसला जागच्या जागी. फरशीवाल्याच्या हातातली छिन्नी घसरली आणि शेजारच्या चांगल्या फरशीचा टवका उडाला. धंद्याला लागल्यापासून त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली फरशीवाल्याची, धाकटी पोस्टमनची. थोरला जावई म्हणून सासुरवाडीला मान फरशीवाल्याचा. म्हणजे खुर्ची आधी त्याला मिळायची. पण सासूबाई गप्पा मारायच्या त्या पोस्टमनशी, कारण त्याच्याकडं गावभरच्या खबरा. फरशीवाल्यानं सासूबाईंची न्हाणी स्वतःच्या हातानं फरशी घालून दिली होती. उतार असा काढलेला की पाण्याचा थेंब रेंगाळत नव्हता. आणि पोस्टमननं काय दिलं, तर एक कॅलेंडर. सासूबाई आल्यागेल्याला कॅलेंडर दाखवायच्या. न्हाणी कोण दाखवतं?

ही जळजळ जुनी होती, मुरलेली होती, तिची सवय झाली होती. पण ती गिरकी म्हणजे नवाच निखारा.

घरी आल्यावर जुळवलेली वाक्यं त्याच्या तोंडून निघालीच नाहीत. जेवताना तो नुसतं म्हणाला, "तुझे भाऊजी नाचायला जातात."

"ठाऊक आहे," बायको म्हणाली. "धाकटी सांगत होती. पोट उतरलंय म्हणे त्यांचं. झोपही चांगली लागते."

"माकडचेष्टा नुसत्या."

"असतील. पण सकाळी उठताना ते पलंग धरत नाहीत."

फरशीवाल्यानं ताट सरकवलं. दुसऱ्या आठवड्यात तो क्लासमध्ये हजर झाला. पोस्टमननं त्याला दारातच गाठलं.

"या साडूभाऊ. बसवलेली फरशी टिकलीय का बघायला आलात?"

"नाही. तिच्यावर कोण घसरतंय ते बघायला आलो."

बाई केस पिकलेल्या, काटक, आवाज मात्र ट्रकच्या हॉर्नसारखा. त्यांची रीत अशी की जुना माणूस पुढं, नवा माणूस त्याच्या मागं. नव्यानं पुढच्याचं बघत शिकायचं. त्यांनी फरशीवाल्याला नेमका पोस्टमनच्या मागं उभा केला. त्याला दुसरी कुठली जागा दिली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि तो महिन्याभरात गुडघ्यांचं निमित्त काढून घरी बसला असता.

सुरुवातीला त्याची फजितीच झाली. गाणं डावीकडं निघालं की हा उजवीकडं. गिरकी घ्यायला गेला की दातांच्या दवाखान्यात चिठ्ठ्या फाडणाऱ्या बाईवर जाऊन आदळायचा. तिला क्लासमध्ये सगळे दातवाली म्हणत. ती त्याला म्हणाली, "अहो, माझे दात शाबूत राहू द्या. मला तिथं नवे फुकट बसवून मिळतात म्हणून काय तुम्ही पाडताय का?" सगळे हसले. पोस्टमनही हसला. फरशीवाला मात्र हसणाऱ्यांत फक्त पोस्टमनकडं बघत होता.

तेव्हापासून त्याचे डोळे त्या पाठीवरून हलले नाहीत. बाई पुढून काय सांगतात ते त्याच्या कानावर पडायचं तेवढंच. शिकत होता तो त्या पाठीकडून. पाठ कधी वळते, कंबर कधी बसते, मान आधी फिरते की धड आधी, सगळं त्यानं चोरासारखं न्याहाळून ठेवलं. दिवसा तो नव्या इमारतींत काम करायचा. एका खोलीत फरशी बसवली की ती सुकेपर्यंत तिच्यावर पाय द्यायचा नसतो. मग हा शेजारच्या मोकळ्या खोलीत जाऊन दार लोटून गिरक्या घ्यायचा. मोकळ्या खोलीत पावलाचा आवाज दुप्पट येतो, त्यामुळं चूक लपत नाही. वायरमन एकदा दार उघडून बघून गेला आणि खाली जाऊन म्हणाला, वर फरशीवाल्याच्या अंगात आलंय.

इकडं पोस्टमनही काही स्वस्थ नव्हता. धाकटी फोनवर थोरलीला सांगायची आणि थोरली, मुद्दाम भांडी घासता घासता, नवऱ्याला ऐकवायची. "भाऊजी म्हणे जिन्यावर पावलं टाकत चढतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, पत्र आणलंस की वरात?"

"बरं मग?"

"मग काही नाही. सांगितलं आपलं."

त्या आठवड्यात फरशीवाला दुपारचं जेवण उभ्यानंच उरकून गिरक्यांना लागत होता.

आणि एक दिवस त्याचंही पारडं जड झालं. बाईंनी बैठी गिरकी शिकवायला घेतली. खाली उकिडवं बसायचं, बसल्या बसल्या फिरायचं आणि हात न टेकता ताठ उठायचं. पोस्टमन बसला खरा, पण उठताना त्याचा हात जमिनीला लागला. पुन्हा बसला, पुन्हा लागला. फरशीवाल्याचा सगळा जन्म उकिडवं बसण्यात गेलेला. त्याचे गुडघे कुरकुरायचे, पण मांड्या म्हणजे लाकडाचे ओंडके. तो बसला, फिरला आणि झरझर उठला. बाई म्हणाल्या, "वा." एवढंच म्हणाल्या, पण आरशात फरशीवाल्याला पोस्टमनचा चेहरा दिसला. तो चेहरा त्याच्या ओळखीचा होता. बरीच वर्षं त्यानं तो दाढी करताना स्वतःच्या आरशात पाहिला होता. त्याला इतकं बरं वाटलं की घरी जाताना त्यानं बायकोसाठी विनाकारण केळी घेतली.

आता दोघंही क्लासला वेळेआधी यायला लागले, एकमेकांच्याही आधी. क्लास उघडायच्या आत कुलपाशी उभे. दातवाली म्हणायची, "तुमच्या दोघांच्या नादात आम्हालाही घाम गाळावा लागतो. नाहीतर मी इथं फक्त बसायला येत होते."

मग बाईंनी कार्यक्रमाचं जाहीर केलं. नगरवाचनालयाच्या मोठ्या हॉलमध्ये, घरच्या मंडळींसमोर. सगळे दोन ओळींत आणि एकजण सगळ्यांच्या पुढं, एकटा. तो एकजण कोण, ते बाई नंतर ठरवणार होत्या. घरी हे कळताच थोरलीनं आईला फोन केला आणि सासूबाई म्हणाल्या, येते. फरशीवाल्यानं ती पुढची जागा त्याच क्षणी मनात आखून घेतली, चारी बाजूंनी माप घेऊन. सासूबाई पहिल्या रांगेत बसतील. त्यांच्या नजरेत पुढं उभा थोरला जावई, आणि मागं कुठं तरी कॅलेंडरवाला. त्याला दुसरं काही नको होतं.

तालमी सुरू झाल्यावर एकदा बाईंनी मोबाइल मागच्या खिडकीत टेकवून ठेवला आणि सगळ्यांचा नाच पाठीमागून टिपला. मग सगळ्यांना जवळ बोलावलं. "स्वतःची पाठ कुणाला दिसत नाही. बघा आणि लाजा."

चित्र चालू झालं. थोड्या वेळानं बाईंनी ते थांबवलं. "फरशीवाले, गिरकीच्या आधी तुमचा डावा खांदा खाली का पडतो?"

"स्टेपच तशी आहे ना."

"मी अशी स्टेप शिकवलेली नाही." बाईंनी चित्र जरा मागं नेलं. "पोस्टमनचा पडतो, ते मला कळतं. इतकी वर्षं त्या खांद्यावर टपालाची पिशवी लटकलीय, त्यांना सांगून सांगून मी दमले. पण तुमचा का? तुम्ही कधी पत्रं वाटलीत?"

हॉल फुटला हसून. फरशीवाला त्या चौकोनात बघत राहिला. त्यात दोन पाठी होत्या, एक बारीक, एक रुंद, आणि दोघांचेही डावे खांदे एका मापानं खाली. इतके महिने ज्याला तो साडूची कला समजत होता ते पिशवीचं ओझं होतं, आणि तो ते रिकाम्या खांद्यावर घेऊन फिरत होता.

"साडूभाऊ, पिशवी पाहिजे होती तर मागायची," पोस्टमन म्हणाला. "अशी उचलून न्यायची असते का?"

"हसून झालं का?" बाई त्याला म्हणाल्या. "आता तुमचा पाय बघा."

चित्रात पोस्टमन पाऊल टाकत होता. टाकायच्या आधी पायाचा अंगठा जमिनीला लावायचा, हळूच दाबून बघायचा आणि मगच अंगाचा भार सोडायचा. प्रत्येक पावलाला. "गेल्या वर्षी असं नव्हतं," बाई म्हणाल्या. "जमीन ओली आहे का? काय चाचपताय काय?"

पोस्टमननं वाकून स्वतःचा अंगठा बघितला. फरशीवाल्याला मात्र बघताक्षणी कळलं. नवीन बसवलेल्या फरशीवर कारागीर असाच पाय ठेवतो. आधी अंगठा, ती हलत नाही ना ते बघायचं, मग भार. त्याला स्वतःला जन्मभराची ती खोड होती. घरात मोरीत जातानाही तो तसाच पाय टाकायचा.

"हे तर माझं आहे," तो म्हणाला.

पोस्टमनचे कान लाल झाले. मागच्याला पुढच्याची पाठ दिसते, तसा पुढच्याला मागचा आरशात दिसतो. आपण एकटेच बघतोय असं दोघांनाही वाटत आलं होतं.

त्या दिवसानंतर दोघांनी तोंडं फिरवली. चोरी पकडली गेल्यावर चोर जसा शेजाऱ्याला ओळख दाखवत नाही, तसं. फरशीवाला खिडकीकडच्या कोपऱ्यात गेला, पोस्टमन दाराकडच्या. फरशीवाल्यानं खांदा सरळ केला आणि पोस्टमननं पाय. बाईंना वाटलं, चला, दोघंही सुधारले. पण झालं उलटंच. फरशीवाल्याची गिरकी बरोबर यायची, पण पाणी न घातलेल्या सिमेंटच्या मालासारखी, पकड नसलेली. गाणं चालू असताना त्याच्या मनात यायचं की उद्या कुठल्या खोलीचे सांधे भरायचे आहेत. पोस्टमन तर दोनदा आलाच नाही. दातवाली मध्ये उभी राहून दोघांपेक्षा चांगली नाचायला लागली, आणि बाई तिच्याकडं जरा जास्तच बघायला लागल्या.

फरशीवाल्यानं हे पाहिलं आणि पुढची जागा हातची चालली हे त्याला कळलं. दातवालीवर जळून बघितलं त्यानं, पण जमेना. तिच्यावर जळायला त्याच्यापाशी काही जुनं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाता जाता तो टपाल कचेरीच्या मागच्या दारानं आत शिरला. पोस्टमन उभ्यानं पत्रं खणांत टाकत होता.

"आजपासून माझ्यापुढं उभे राहा," फरशीवाला म्हणाला.

"का? कोपरा तुम्हीच निवडलात."

"कोपऱ्यात काय बघू, भिंत?"

"आरशात स्वतःकडं बघा. बाई सांगतात तेच."

"मला मी रोजच बघतो. त्यात जळण्यासारखं काय आहे?"

पोस्टमननं हातातलं पत्र खणात टाकलं. "माझंही तेच झालंय," तो खणाकडं तोंड करूनच म्हणाला. "परवा गिरकी घेता घेता आठवलं, घरातलं पीठ संपलंय. तुम्ही मागं असताना असलं काही सुचत नाही."

"मग काय सुचतं?"

"हा म्हातारा घसरू दे, एवढंच."

"म्हातारा कुणाला म्हणता? तुमच्याहून फार तर दोन पावसाळे जास्त."

"गुडघ्यांनी जास्त."

"तुम्ही तुमचं ढुंगण हात न टेकता उचलून दाखवा आधी."

पलीकडचा कारकून मान वर काढून म्हणाला, भांडायचं तर बाहेर भांडा. त्याला काय कळणार की तह चालला होता.

संध्याकाळी दोघं जुन्या जागी उभे राहिले. खांदा पुन्हा थोडा खाली गेला, पाय पुन्हा थोडा चाचपायला लागला. बाई ओरडायच्या, ते दोघं सुधारायचे, पुन्हा बिघडायचे. पण नाचात जीव आला. पोस्टमन बैठ्या गिरकीतून हात न टेकता उठायला लागला, आणि फरशीवाल्याची उभी गिरकी अशी बसायला लागली की पाणसळ लावून लेव्हल बघावी. दातवाली वैतागून म्हणाली, "तुमचं भांडण मिटलं, माझं नशीब फिरलं."

शेवटच्या तालमीला बाईंनी पुढची जागा पोस्टमनला दिली. "थोडक्यात हुकलं," त्या फरशीवाल्याला म्हणाल्या. त्या दोन शब्दांवर त्यानं घरी जाऊन दोन ग्लास ताक ओतलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सासूबाई खरंच पहिल्या रांगेत होत्या, दोन्ही लेकींच्या मध्ये. पडदा सरकला. पोस्टमन पुढं एकटा, त्याच्या बरोबर मागं फरशीवाला. पहिली गिरकी झाली, दुसरी झाली. तिसरीच्या आधी पोस्टमन थांबला. पुढचं पाऊल टाकेचना. मंचावर आरसा नव्हता. समोर काळोख आणि माणसं, आणि मागचं काही दिसत नव्हतं. फरशीवाल्याला साडूची मान दिसत होती. ती कोणाला तरी शोधत जराशी हलली.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्याला गोड वाटलं. अगदी जिभेवर गोड. बूड आता, बूड सासूबाईंसमोर. मग त्याच दमात त्याच्या ध्यानात आलं की हा इथं आपटला तर उद्यापासून क्लासला यायचा नाही. लाजून घरी बसेल. आणि आपण कुणाच्या पाठीमागं उभं राहायचं? त्यानं उजवी टाच फळीवर हाणली, ठेक्याच्या किंचित आधी, खणखणीत. पोस्टमनच्या पाठीला तो आवाज लागला आणि तो फिरला. असा फिरला की हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी धाकट्या जावयाचे दोन्ही हात धरले. "मध्येच असे थांबलात ना, काळीज हललं माझं. आणि मग काय ती गिरकी." मग थोरल्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्हीही होतात ना त्यात?"

"मागं होतो," फरशीवाला म्हणाला.

पुढच्या क्लासला बाई खुशीत होत्या. "पोस्टमन, तिसऱ्या गिरकीआधी तुम्ही जो थांबा घेतलात, मी बसवला नव्हता तो. पण छान होता. तो आता कायमचा ठेवू. आणि फरशीवाले, तिथंच तुमची टाच आधी पडली. नीट ऐकत जा ठेका."

पोस्टमन खाली बघायला लागला. फरशीवाल्याचा जबडा असा आवळला की दातवालीला ऐकू गेलं असेल. क्लास सुटल्यावर पोस्टमननं त्याला जिन्यात अडवलं.

"सांगू का बाईंना?"

"काय?"

"तुम्हाला ठाऊक आहे काय ते."

"सांगितलंत तर तंगडं मोडीन तुमचं."

"अहो, पण पुढची जागा तुम्हाला देतील त्या."

"तुमच्या हातून मिळालेली नको मला," फरशीवाला म्हणाला आणि जिना उतरून गेला.

त्या आठवड्यात तो मोकळ्या खोल्यांत फिरण्याऐवजी थांबायला शिकत होता. फिरणाऱ्या अंगाला मध्येच उभं करणं फिरण्याहून अवघड निघालं. गुडघे पुढं जाऊ बघायचे, श्वास अडकायचा, खांदा पडू बघायचा. वायरमननं पुन्हा दार उघडलं, याला खोलीच्या मधोमध पुतळ्यासारखा उभा पाहिला आणि दार लावून घेतलं.

क्लासमध्ये तिसऱ्या गिरकीच्या आधी दोघं एकदम थांबले. पोस्टमन थांबला आणि फिरला. फरशीवाला थांबला, थांबूनच राहिला, गाणं त्याला सोडून पुढं जाणार असं वाटेपर्यंत राहिला, आणि मग फिरून ठेक्यावर येऊन बसला. बाईंनी गाणं बंद केलं. आरशात पोस्टमनच्या कपाळाला आठी पडली होती.

"साडूभाऊ," तो वळून म्हणाला, "हे कुठून आणलंत?"

"तुमचंच आहे," फरशीवाला म्हणाला. "जरा लेव्हलमध्ये घेतलं."

पोस्टमननं पुन्हा आरशाकडं तोंड केलं आणि बाईंनी सांगायच्या आतच सुरुवातीच्या जागेवर जाऊन उभा राहिला.